वान छिंग युआन: आईच्या बंगल्यात शिजलेला कट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिंगापूरला पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते. मर्लायन, सेंटोसा, मुस्तफा, आणि संध्याकाळी लिटल इंडियात डोसा. तिसऱ्या दिवशी मात्र मी त्यांना बालेस्टियर भागात ताय जिन रोडवरच्या एका जुन्या दुमजली बंगल्यात घेऊन जातो. निघताना बहुतेकांचे चेहरे पडलेले असतात, कारण चीनच्या क्रांतीशी आपलं काय देणंघेणं? दीड तासानं बाहेर पडताना मात्र प्रश्न संपत नाहीत. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले की शेवटी उत्तरं लिहूनच काढली.

हे नेमकं काय आहे? संग्रहालय, स्मारक, की कोणाचं घर?

तिन्ही. अधिकृत नाव सन यत-सेन नानयांग स्मारक भवन. सन यत-सेन म्हणजे चीनच्या क्रांतीचे पुढारी. ‘नान’ म्हणजे दक्षिण, ‘यांग’ म्हणजे समुद्र. चिनी लोक सिंगापूर, मलाया, जावा, सयाम या सगळ्या टापूला नानयांग म्हणायचे. चीनमधली राजेशाही उलथवायला निघालेल्या तुंगमेंगहुई या गुप्त संघटनेचं काम १९०६ पासून काही वर्षं या बंगल्यातून चाललं. आज तो सिंगापूरचं राष्ट्रीय स्मारक आहे. पण ‘मेमोरियल हॉल’ म्हटलं तर रिक्षावाल्यासारखा इथला टॅक्सीवालाही क्षणभर विचार करतो. ‘वान छिंग युआन’ म्हटलं की वयस्क चिनी चालक लगेच मान डोलावतो.

त्या नावाचा अर्थ काय?

चीनच्या थांग राजवटीतल्या ली शांगयिन या कवीची एक ओळ आहे. तिचा भावार्थ असा की आडबाजूच्या गवताची आभाळाला दया येते, आणि माणसांना दिवसभराच्या पावसानंतर मावळतीला पडलेलं ऊन मोलाचं वाटतं. ‘वान छिंग’ म्हणजे ती संध्याकाळची उघडीप. युआन म्हणजे बाग. आपल्याकडे श्रावणात चार दिवसांची झड लागते आणि पाचव्या दिवशी साडेपाचला पिवळं ऊन भिंतीवर येतं, तसं काहीसं. उतारवयातल्या आईसाठी घेतलेल्या घराला मुलानं हे नाव दिलं. मला तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

म्हणजे हे सन यत-सेन यांचं घर नव्हतं?

नव्हतं. पाहुण्यांचा हा गैरसमज पहिल्याच पायरीवर दूर करावा लागतो, कारण दारातच त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास बोई चुआन पो नावाच्या व्यापाऱ्यानं हा बंगला आपल्या प्रेयसीसाठी बांधला, असं सांगतात. तिच्यावरून त्याला ‘बिन चान हाउस’ म्हणत. १९०५ मध्ये तो तियो एंग हॉक यांनी विकत घेतला. हे तिओच्यू (मूळचे दक्षिण चीनमधल्या छाओचौ भागातले) चिनी व्यापारी, जन्म सिंगापूरचा, पुढे रबराच्या धंद्यात आणि रबरी बुटांच्या कारखान्यात नाव काढलेले. घर घेतलं ते आई तान पो निओ हिच्यासाठी. गावाच्या गजबजाटापासून लांब, भोवती बाग, वर मोकळी हवा.

वर्ष सरतं न सरतं तोच हे घर क्रांतिकारकांच्या हवाली झालं. प्रेयसीसाठी बांधलं, आईसाठी घेतलं, आणि राहायला आला तो ज्याच्या डोक्यावर चिनी सरकारनं बक्षीस लावलेलं होतं असा डॉक्टर! सोलापूरच्या माझ्या मावशीनं यावर एकच प्रश्न विचारला होता: “मग म्हातारीनं जायचं कुठं?” इतिहासाच्या पुस्तकांत मावशीसारखे प्रश्न फार कमी जण विचारतात.

सन यत-सेन कोण, थोडक्यात?

जन्म १२ नोव्हेंबर १८६६, क्वांगतुंग प्रांतातल्या छुईहंग गावी, शेतकरी घरात. हवाईत थोरल्या भावाकडे राहून शिकले, १८९२ मध्ये हाँगकाँगला वैद्यकीय पदवी घेतली. डॉक्टरकी थोडेच दिवस केली. १८९५ मध्ये क्वांगचौचा (कँटनचा) पहिला उठाव फसला आणि देश सोडावा लागला, तो जवळपास १६ वर्षं. १८९६ मध्ये लंडनला चिनी वकिलातीनं त्यांना कोंडून ठेवलं. जुने शिक्षक डॉ. जेम्स कँटली यांनी आरडाओरडा केला म्हणून सुटले, आणि त्याच प्रकरणानं जगभर प्रसिद्ध झाले. राष्ट्रवाद, लोकशाही आणि लोकांची उपजीविका ही त्यांची तीन तत्त्वं. १ जानेवारी १९१२ रोजी चिनी प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले, आणि ते पद जेमतेम तीन महिने टिकलं. १२ मार्च १९२५ रोजी पेकिंगला निधन.

आज चीन आणि तैवान दोन्हीकडे त्यांना मान आहे. एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन सरकारं एकाच फोटोला हार घालतात, ही उदाहरणं जगात फारशी सापडायची नाहीत.

चीनची क्रांती सिंगापुरात का?

कारण चीनमध्ये पकडले गेले तर मान उडायची. जपानमध्ये विद्यार्थी होते, विचार होते, पण पैसा नव्हता. पैसा होता नानयांगात. दुष्काळ, कर्ज आणि बंडाळीला कंटाळून दक्षिण चीनमधून लाखो माणसं इकडे आली होती: कथलाच्या खाणीत, रबराच्या आणि अननसाच्या मळ्यांत, गोदीवर, दुकानात. गावी पैसे पाठवायचे, म्हातारपणी परत जायचं, हेच ज्याच्या त्याच्या मनात. म्हणजे जीव तिकडे आणि कमाई इकडे. अशा माणसाला “देश सुधारायला वर्गणी दे” म्हटलं तर तो निदान ऐकून तरी घेतो.

शिवाय इथे राज्य इंग्रजांचं. छिंग सरकारचा, म्हणजे चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजघराण्याचा, वाणिज्य दूत होता, पोलीस मात्र त्याच्या हाताखाली नव्हते.

मग श्रीमंत चिनी व्यापाऱ्यांनी थैल्या मोकळ्या सोडल्या असतील?

उलट. बडे तौके, म्हणजे शेठ लोक, बहुतेक लांबच राहिले. छिंग सरकार पैसे घेऊन मानाच्या पदव्या देत असे आणि त्या विकत घेऊन मांदारिनचा, म्हणजे दरबारी अधिकाऱ्याचा, पोशाख घातलेले फोटो काढून घेण्यात या मंडळींना धन्यता वाटायची. आपल्याकडच्या रावबहादुरांची आठवण झाली तर ती चुकीची नाही. ज्यानं कालच पदवी घेतली, तो आज ते सरकार पाडायला कशाला पैसे देईल?

दिलं ते मधल्या आणि खालच्या लोकांनी. लहान दुकानदार, कारकून, गवंडी, हमाल, खाणकामगार. वाचता न येणाऱ्यांसाठी वाचनालयं निघाली, म्हणजे एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. नाटक मंडळ्या राजाविरुद्धचे खेळ करायच्या.

हे सुरू कोणी केलं?

तिघांची नावं लक्षात ठेवा. तियो एंग हॉक, लाकडाचे व्यापारी तान चोर लाम (‘चोर’वर एकदाच हसून घ्या), आणि तियो यांचा भाचा लिम नी सून (यावरही).

सन यांची ओळख होण्याआधीच मामा-भाचे आणि तान ही मंडळी राजाविरुद्ध खटपट करत होती. १९०४ मध्ये तियो आणि तान यांनी पदरचे पैसे घालून ‘थो लाम जित पो’ हे वर्तमानपत्र काढलं. नानयांगातलं क्रांतीच्या बाजूचं हे पहिलं वर्तमानपत्र. विकत घेणारे मोजकेच, त्यामुळे फुकट वाटायची वेळ आली आणि पुढच्याच वर्षी ते बुडालं. पण जाता जाता त्यांनी एक मोलाचं काम केलं. नव्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर छापलं आणि त्यात क्रांतीच्या घोषणा घातल्या. वर्तमानपत्र वाचून रद्दीत जातं. कॅलेंडर वर्षभर खिळ्याला लटकतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ते कॅलेंडर फिरत फिरत थेट हवाई बेटांवर पोचलं. तिथे ते सन यांच्या नजरेला पडलं आणि सिंगापुरात हे उद्योग करणारे कोण आहेत, अशी त्यांनी चौकशी केली.

१९०५ मध्ये युरोपातून जपानला जाताना त्यांची बोट इथे टेकली. सन यांचे जुने मित्र यू लिए इथेच होते. त्यांनी या तिघांची सन यांच्याशी गाठ घालून दिली.

६ एप्रिल १९०६ ला काय झालं?

तुंगमेंगहुईची स्थापना तोक्योत ऑगस्ट १९०५ मध्ये झाली होती. तिची सिंगापूर शाखा ६ एप्रिल १९०६ रोजी याच बंगल्यात स्थापन झाली. तान अध्यक्ष, तियो उपाध्यक्ष. एकेकानं हात वर करून शपथ घ्यायची: मांचूंना हुसकावणं, चीन पुन्हा उभा करणं, प्रजासत्ताक स्थापणं, जमिनीचा हक्क समान करणं. सभासदांनी एकमेकांना ओळखण्यासाठी परवलीचे शब्द ठरले होते.

सभासद मूठभरच होते. वाड्याच्या दिवाणखान्यात सतरंजीवर मावतील इतके. पण पुढे मलायाभर आणि जावापर्यंत शाखा निघाल्या, आणि १९०८ मध्ये सन यांनी नानयांगचं मुख्य कार्यालयच सिंगापुरात आणलं.

इंग्रजांना हे चालत होतं?

चालत नव्हतं, पण डोळ्यांवर येईपर्यंत ते बघत नसत. सन यांची सिंगापूरची पहिली खेप तर तुरुंगाच्या दारातच झाली. गोष्ट रंगतदार आहे, जरा सविस्तर सांगतो.

१८९८ मध्ये चिनी बादशहाला हाताशी धरून सुधारणा करू पाहणारे विद्वान कांग योवेइ पळून इथे आले होते आणि इंग्रजांनी त्यांना संरक्षण दिलं होतं. १९०० मध्ये सन यांचे जपानी मित्र मियाझाकी तोतेन कांग यांना भेटायला आले. हेतू चांगला होता: सन आणि कांग यांनी मिळून काम करावं. पण मियाझाकींच्या सामानात जपानी तलवारी आणि भलीमोठी रोकड निघाली. कांग यांचे लोक घाबरले, त्यांना वाटलं मारेकरी आला. पोलिसांनी मियाझाकींना आत टाकलं. सन तेव्हा सायगावला होते; ते धावत आले, रदबदली केली, मित्र सुटला. आणि इंग्रजांनी दोघांनाही हद्दपार केलं. सन यांना पाच वर्षं सिंगापूरबंदी. मैत्री करायला जाताना तलवार घेऊन जाऊ नये, एवढं त्यातून घेता येईल.

बंदी उठल्यावर ते वारंवार येत राहिले. १९०० ते १९११ या काळात एकूण आठ-नऊ खेपा झाल्या.

कांग आणि सन यांचं भांडण नेमकं कशावरून?

मवाळ आणि जहाल म्हटलं की मराठी माणसाला निम्मं कळतं. कांग यांना बादशहा ठेवून राज्यघटना हवी होती, सन यांना बादशहाच नको होता. दोन्ही गट त्याच दुकानदारांकडे वर्गणी मागायचे, त्यामुळे तत्त्वाचं भांडण वसुलीपर्यंत यायचं. १९०७ मध्ये क्रांतिवाद्यांनी ‘चोंग शिंग यित पाव’ हे नवं वर्तमानपत्र काढलं आणि समोरच्या ‘युनियन टाइम्स’शी त्यांची लेखणीची लढाई जुंपली. सन यांनी स्वतः टोपणनावानं लेख लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जोडा भिरकावला गेला. दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांची खबरही नसावी.

या घरात नेमकं काय शिजलं?

तीन उठावांची आखणी आणि पैशाची जमवाजमव इथे झाली, असं मानलं जातं.

पहिला मे १९०७ मध्ये, छाओचौ भागातल्या हुआंगकांगला. हा तियो यांच्यासारख्या तिओच्यू लोकांचा वाडवडिलांचा मुलूख. गाव ताब्यात आलं आणि आठवडाभराच्या आत गेलं. दुसरा डिसेंबर १९०७ मध्ये, व्हिएतनामच्या सरहद्दीवर चेननानग्वानला. डोंगरावरचे बुरूज घेतले, सन स्वतः तिथे पोचले, आणि दारूगोळा संपल्यानं माघार घ्यावी लागली. तिसरा एप्रिल १९०८ च्या अखेरीस, युनान प्रांतात तांबड्या नदीकाठच्या हखोउला. तो काही आठवडे टिकला.

म्हणजे सगळे फसले?

सगळे. आणि फसलेल्या उठावाचं पुढे काय होतं, ते या घराच्या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हखोउहून हरलेले शेकडो लढवय्ये सरहद्द ओलांडून फ्रेंचांच्या ताब्यातल्या व्हिएतनाममध्ये गेले. फ्रेंचांनी त्यांची शस्त्रं काढून घेतली आणि बोटीत घालून त्यांना सिंगापूरला पाठवलं. आता हे शेकडो तरुण, हातात काम नाही, राहायला जागा नाही, काहींना दुखापती, आणि बंदूक चालवण्यापलीकडे फारसं येत नाही. त्यांना जेवू कोण घालणार? वान छिंग युआनची मंडळीच. कोणाला मळ्यावर लावलं, कोणाला खाणीवर. त्यांच्या पोटासाठी दगडाची खाणच चालवायला घेतली. धंदा म्हणून तो आतबट्ट्याचा होता. व्याख्यानं देणारा पुढच्या बोटीनं निघून जातो, आणि वही उघडून बसतो तो गावातला दुकानदार. तियो आणि तान यांचे धंदे या सगळ्यात खालावत गेले.

पैसा कसा उभा करत?

वर्गणी, देणग्या, नाटकांचे खेळ, आणि रोखे. क्रांती यशस्वी झाली की कितीतरी पटीनं परत मिळेल, असं छापलेले रोखे सन यांनी विकले. ज्यानं घेतला त्यानं तो पेटीच्या तळाशी जपून ठेवला असणार.

पैसा आला की संशय आलाच. १९०९ च्या सुमारास थाओ छंगचांग या संघटनेतल्याच नेत्यानं सन यांच्यावर हिशेबाच्या अफरातफरीचे आरोप केले आणि नानयांगभर पत्रकं फिरली. आरोपात फारसं तथ्य नव्हतं. सन यांच्याकडे स्वतःसाठी साठवलेलं काही निघालं नाही. पण सिंगापूरचे देणारे आधीच दमले होते. १९१० मध्ये सन यांनी मुख्य कार्यालय पेनांगला हलवलं. तिथे नोव्हेंबरात बैठक झाली आणि एप्रिल १९११ च्या क्वांगचौ उठावासाठी पुन्हा झोळी फिरली. तो उठावही चिरडला गेला. त्यातल्या ७२ हुतात्म्यांच्या समाधीवर नानयांगातून गेलेल्या अनेकांची नावं आहेत.

बायका कुठेच दिसत नाहीत?

दिसतात, पण शोधाव्या लागतात. निळ्या आकाशात पांढरा सूर्य असलेला क्रांतीचा झेंडा याच घरात शिवला गेला, आणि शिवणाऱ्या होत्या तियो यांच्या पत्नी तान सोक जी. आत गेलात तर झेंड्यापाशी थांबा. सूर्याचे बारा किरण कापून कापडावर टाचायचे, ते एकसारखे बसवायचे, उलटी बाजू नीट दिसेल अशी शिवण घालायची, हे काम किती किचकट आहे हे शिवणाऱ्यालाच कळेल.

दुसऱ्या छन छुईफन. सन यांच्या या सहचरीनं फरारीच्या काळात त्यांना साथ दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा स्वयंपाक, धुणं, निरोप पोचवणं हे सगळं त्या बघायच्या. पुढे सन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्या बाजूला झाल्या आणि पुढली कित्येक वर्षं नानयांगातच राहिल्या.

क्रांती झाली तेव्हा सन इथेच होते का?

नाही हो! १० ऑक्टोबर १९११ ला मध्य चीनमधल्या वुचांगच्या सैनिकांनी उठाव केला तेव्हा ते अमेरिकेत होते, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला. बातमी वर्तमानपत्रात वाचली. इतके बेत आखले, आणि जो उठाव यशस्वी झाला तो त्यांच्या माघारी झाला. लगेच चीनला न जाता ते आधी लंडन आणि पॅरिसला गेले, परकीय सरकारांनी छिंगना कर्ज देऊ नये म्हणून. परतीच्या वाटेवर १५ डिसेंबरला सिंगापूरला उतरले. १२ फेब्रुवारी १९१२ ला सहा वर्षांच्या बादशहाच्या नावानं राज्यत्याग जाहीर झाला. चीनमधली दोन हजारांहून अधिक वर्षांची बादशाही संपली.

त्या तिघांचं पुढे काय झालं?

लिम नी सून यांचं सोनं झालं. रबर आणि अननसात अफाट कमावलं. सिंगापूरच्या उत्तरेचं यिशुन उपनगर त्यांच्याच नावाचं आहे. ‘नी सून’चा मँडरिन उच्चार म्हणजे यिशुन. तिथल्या मराठी घरांतल्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे. १९३६ मध्ये शांघायला ते वारले, आणि नानचिंगला सन यांच्या समाधीजवळ त्यांना जागा मिळाली.

तान चोर लाम दीर्घायुषी निघाले, १९७१ पर्यंत जगले.

तियो यांची गोष्ट सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. वान छिंग युआनच्या दिवसांत वांग चिंगवेइ नावाचा देखणा, बोलका तरुण प्रचारक नानयांगात येत असे. पुढे १९४० मध्ये याच वांगनं जपान्यांच्या छत्राखाली नानचिंगला सरकार स्थापलं आणि चीनच्या इतिहासात देशद्रोही ठरला. तियो त्याच्या बाजूनं राहिले. युद्धानंतर त्यांना कैद झाली. शेवटी हाँगकाँगला वारले. ज्यानं आपल्या आईचं घर क्रांतीला दिलं तोच हा माणूस. कोणी पाहुणा विचारतो, “मग चांगला की वाईट?” मी म्हणतो, चला, वरच्या मजल्यावर जाऊ.

आणि घराचं काय झालं?

क्रांतीनंतर मालकी बदलली आणि हळूहळू रया गेली. १९३७ च्या सुमारास तान इआन किआम, ली कोंग चिआन अशा सहा चिनी उद्योगपतींनी मिळून ते विकत घेतलं आणि चिनी व्यापारी महामंडळाच्या स्वाधीन केलं. मग सिंगापूर पडलं. १९४२ ते १९४५ जपानी लष्करानं घर वापरलं. युद्धानंतर काही काळ सन यांच्या क्वोमिंतांग पक्षाचं कार्यालय. १९६० च्या दशकात डागडुजी होऊन ते लोकांसाठी उघडलं. २८ ऑक्टोबर १९९४ ला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, २००१ मध्ये सध्याचं नाव. २००९ पासून कारभार राष्ट्रीय वारसा मंडळाकडे आहे. क्रांतीची शंभरी जवळ आली तेव्हा वर्षभर बंद ठेवून पुन्हा काम केलं आणि ऑक्टोबर २०११ मध्ये नव्यानं उघडलं.

आत बघण्यासारखं काय?

आधी बाहेरूनच नीट बघा. पुढे आलेला पोर्च, त्याच्यावर खोली, दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या, कमानी, व्हरांडा. इंग्रजी थाटाचा बंगला, राहणारे चिनी, हवा विषुववृत्तावरची. बागेलगत ब्राँझचं लांबच लांब भित्तिशिल्प आहे. त्यात सिंगापूरच्या जुन्या दिवसांचे प्रसंग कोरलेत. लहान मुलं तिथेच रमतात.

आत फोटो, पत्रं, वर्तमानपत्रं, आणि नानयांगानं क्रांतीला काय दिलं व क्रांतीनं नानयांगाला काय दिलं याची मांडणी. लांब वेणी कापण्याचा भाग चुकवू नका. मांचूंनी सतराव्या शतकात हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांवर वेणीची सक्ती केली होती. अडीचशे वर्षांत तीच वेणी परंपरा होऊन बसली, इतकी की कापताना म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

इथे मूळ सामान फार आहे अशी अपेक्षा ठेवू नका. मांडणी चकचकीत आहे, माझ्या चवीला जरा जास्तच. तियो यांच्या शेवटच्या दिवसांवर अजून थोडं लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

भारताशी काही संबंध? आणि आपल्या कोटणीसांचा?

या घराशी थेट नाही. पण सन यांचे भारतीय क्रांतिकारकांशी संबंध आले ते जपानमध्ये. रासबिहारी बोस १९१५ मध्ये तोक्योला पळून गेले तेव्हा त्यांची सन यांच्याशी ओळख झाली. हेच रासबिहारी पुढे जुलै १९४३ मध्ये सिंगापूरच्या कॅथे सभागृहात नेताजींच्या हाती स्वातंत्र्य चळवळीची सूत्रं देताना दिसतात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते युद्ध वेगळं, जपानविरुद्धचं. मात्र पथक क्वांगचौला उतरलं तेव्हा स्वागताला सन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग होत्या. आणि एक योगायोग असा की कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. वुचांगचा उठाव बरोबर त्यांच्या पहिल्या वाढदिवशी झाला. सोलापूरला भैय्या चौकातलं त्यांचं घरही आता स्मारक आहे. वर उल्लेख केलेली मावशी तिथून चालत दहा मिनिटांवर राहते आणि अजून आत गेलेली नाही!

कसं जायचं? किती वेळ लागतो?

नोव्हेना किंवा तोआ पायोह स्टेशनवरून बस किंवा थोडी पायपीट. सोमवारी बंद असतं. आमचे एक पाहुणे माझं न ऐकता सोमवारीच गेले आणि फाटकाचा फोटो घेऊन आले. निवांत बघितलं तर दीड तास.

शेजारीच ब्रह्मी बौद्ध मंदिर आहे, संगमरवरी बुद्धाची मोठी मूर्ती असलेलं. तिथे आवर्जून जा. बालेस्टियर हे नाव सिंगापूरच्या पहिल्या अमेरिकी वाणिज्य दूताचं; एकोणिसाव्या शतकात त्याचा इथे उसाचा मळा होता. जवळच्या एका गल्लीचं नाव अजूनही जालान आम्पास आहे, मलायमध्ये आम्पास म्हणजे रस काढून उरलेली चिपाडं. सांगली-कोल्हापूरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की घरी आल्यासारखं वाटतं. पुढे त्याच गल्लीत शॉ बंधूंचा स्टुडिओ झाला आणि मलाय सिनेमा तिथे बहरला.

भूक लागली तर?

बालेस्टियर रोडवर ताउ सार पिआ मिळतात. पापुद्र्याची गोल पुरी, आत मुगाच्या डाळीचं सारण, गोड किंवा कांद्याचं खारं. गरम असताना गोड घेतली तर पुरणाची आठवण होते. मात्र शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, कारण जुन्या पद्धतीत पिठाला डुकराची चरबी लावतात. काही दुकानं तेल वापरतात. आणि डबा भरून घरी न्यायचा असेल तर सकाळीच जा. जेवणाच्या वेळेपर्यंत गोड संपतात, खारे उरतात.